आधी प्रत तपासा, मग मारव्याला नावं ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांच्या एलपी (लाँग प्ले तबकड्या) एका ठिकाणी देऊन फाइली करून घेतल्या, मोबाइलवर ऐकल्या, आणि गायक अमीर खाँसाहेबांचा मारवा राग, जॅझवाल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', पिंक फ्लॉइड हा रॉक बँड, 'कॉल ऑफ द व्हॅली' हे सगळंच फिकं लागलं. लोक यांना उगाच डोक्यावर घेतात का, आणि हा ढीग रविवारी जुन्या बाजारात नेऊन फुंकून टाकावा का? त्यात तुमचं एक वाक्य आहे: 'खरखर अजिबात उरलेली नाही, पण मारव्यात काही घडतच नाही.' हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

मारव्यात पंचम (प) नाही. रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, आणि षड्ज (सा, सगळ्या सुरांचा पाया) असूनही गायक त्यावर विसावायचं टाळतो. रिषभ आणि धैवत (ध) यांच्यातच हिंडत राहतो. मग ती संध्याकाळची हुरहूर येते कुठून? गायक ज्या षड्जाला हात लावत नाही तो तंबोऱ्यात सतत वाजत असतो, त्यातून. खाँसाहेबांच्या त्या ध्वनिमुद्रिकेतला बडा ख्याल अतिविलंबित (अगदी संथ) झुमरा तालात आहे. १४ मात्रांचं आवर्तन इतकं संथ की दोन आलापांच्या मध्ये भरपूर मोकळी जागा सुटते. त्या जागेतून तंबोरा काढला तर कोमल रिषभ हा नुसता एक सूर उरतो. तो कशापासून दूर आहे तेच कळत नाही. तेव्हा 'काही घडत नाही' ही तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे, फक्त ती खाँसाहेबांकडे नेऊ नका.

तंबोरा जातो कुठे? आवाज स्वच्छ करणाऱ्या सॉफ्टवेअरला आधी निव्वळ खरखरीचा एक तुकडा दाखवावा लागतो. त्यावरून ते 'कचरा' कसा असतो ते शिकतं आणि तसा आवाज सगळीकडून छाटतं. घाईतला माणूस फाइलीचे पहिले दोन-तीन सेकंद निवडून मोकळा होतो. आपल्या शास्त्रीय संगीताच्या तबकडीत तिथे अनेकदा तंबोरा सुरू झालेला असतो! म्हणजे तंबोरा हाच कचरा, असं आपणच त्याला पढवलं. बरं, नमुना नीट घेतला, म्हणजे सुई खोबणीत उतरल्यापासून संगीत सुरू होईपर्यंतचाच, तरी धोका पूर्ण टळत नाही. तंबोरा अखंड, मंद आणि जवारीमुळे (तारांच्या झणझणीमुळे) वरच्या उपस्वरांनी भरलेला असतो. सतत आणि हळू वाजणारं जे काही असेल ते सॉफ्टवेअरला संशयास्पदच वाटतं.

पडताळा सोपा आहे. हेडफोन लावून फक्त गायकाच्या विरामांकडे लक्ष द्या. गाताना तंबोरा ऐकू येतो आणि गाणं थांबताच तोही बुडतो, किंवा विरामात पाण्याखालून आल्यासारखे बुडबुडे ऐकू येतात, असं असेल तर फाइल कामातून गेलेली आहे. इक्वलायझरने ती सुधारणार नाही. छाटलेलं परत येत नाही.

पुण्यातल्याच एका डिजिटायझेशनवाल्यांनी (नाव लिहिणार नाही, विचारूही नका) आमच्याकडच्या तबकड्यांचं नेमकं हेच केलं होतं. प्रक्रिया न केलेली मूळ फाइल मागितली तर 'ती आम्ही ठेवत नाही, डिस्क भरते' असं उत्तर. हातात आल्या १२८ केबीपीएसच्या, म्हणजे फार दाबून लहान केलेल्या, एमपी३. त्याहून वाईट म्हणजे ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्या स्पिरिटने पुसून परत दिल्या. त्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे दिवसभर तबकड्याच हाताळणाऱ्या दुकानाला माहीत नसावं? खोबण्या गुळगुळीत झाल्या, त्या गेल्याच. 'काका, खरखर गेली ना, मग?' हे वर ऐकावं लागलं ते वेगळंच.

तेव्हा आता पुन्हा कुणाकडे द्याल तर आधी लिहून घ्या: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वॅव्ह किंवा फ्लॅक (आवाजातलं काही न गाळणारे फाइलींचे प्रकार), कसलीही सफाई न करता. पातळी अशी ठेवायला सांगा की सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. अशा वॅव्हला मिनिटाला सुमारे ३५ एमबी लागतात, म्हणजे ४० मिनिटांच्या एलपीला १.४ जीबीच्या आसपास. 'डिस्क भरते' या सबबीत किती दम आहे ते यावरून तुम्हीच ठरवा. सफाई करायची ती प्रतीवर. 'टक् टक्' असे खडे हाताने एकेक काढता येतात, त्याने तंबोऱ्याला धक्का लागत नाही. सलग खरखर मात्र माझ्या मते तशीच राहू द्यावी. अगदीच सहन होत नसेल तर ६ डेसिबलपर्यंत कमी करा, पुढे जाऊ नका. मी काही ध्वनिअभियंता नाही, कुणी जाणकार याहून चांगला मार्ग सांगत असेल तर त्याचं ऐका. पण मूळ फाइल न देणाऱ्याचं ऐकू नका.

आता 'काइंड ऑफ ब्लू'. इथे घोळ पुण्यातला नाही, न्यू यॉर्कचा आहे. १९५९च्या मार्चमधल्या पहिल्या सत्राच्या वेळी मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तबकडीवर किंचित चढ्या सुरात आल्या. १९९२च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. नुसतं ऐकणाऱ्याला याने फारसं बिघडत नाही, पण सोबत बासरी किंवा पेटी घेऊन बसणाऱ्याला जुन्या प्रतीशी जुळवताना घाम फुटतो. अल्बमबद्दल म्हणाल तर ज्यांना ख्याल आवडतो त्यांनी जॅझची सुरुवात इथूनच करावी. वेगाने बदलणाऱ्या स्वरसंघातांच्या (कॉर्ड्सच्या) मागे धावणं इथे कमी आहे, एकेका स्वरसप्तकात रेंगाळणं जास्त. सॅक्सोफोनवाल्या कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम' माझ्या मते याहून मोठा, पण तो पहिल्या दिवशी ऐकू नका.

वेगाचा विषय निघालाच आहे तर तुमच्या फाइलींचाही तपासा. ज्या यंत्रावर तबकड्या वाजवल्या त्याच्या थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा आणि फेरे मोजा. एलपीचा वेग मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे ३ मिनिटांत बरोबर १००. एक फेरा कमी-जास्त म्हणजे एक टक्का, तेवढं चालतं; सहा टक्के झाले की जवळजवळ अर्धा सूर इकडचा तिकडे. अमेरिकेहून कुणी आणलेलं जुनं यंत्र असेल तर जास्त जपा. त्यातल्या अनेकांच्या मोटारी विजेच्या ६० हर्ट्झवर चालायला बनवलेल्या असतात, आपल्याकडे ५० हर्ट्झ. पुली न बदलता लावलं तर वेग २८च्या खाली येतो आणि किशोरीताई आमोणकरांचा भूप राग तीन अर्धस्वर खाली उतरतो. ऐकणारा मग म्हणतो, 'आवाज जड वाटतो हो.'

भूपावरून आठवलं. सवाई गंधर्व महोत्सवात तास-दीड तासाचा ख्याल ऐकलेल्या मंडळींना एलपीवरचा वीस मिनिटांचा ख्याल कापून आणल्यासारखा वाटतो. मला हे पटत नाही. किशोरीताईंची भूपाची तबकडी ही त्या वीस मिनिटांसाठीच बांधलेली चीज आहे. एकही जागा दोनदा येत नाही आणि तरी घाई जाणवत नाही. फक्त एक तांत्रिक कटकट आहे. तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खोबणी सरकते, आत लेबलाजवळ जेमतेम २१. म्हणजे बाजूच्या शेवटी तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो. आणि आपल्या संगीतात द्रुत, ताना, तराणा सगळं शेवटीच! किशोरीताईंच्या भूपातलं 'सहेला रे' नेमकं त्या टोकाला येतं. सुई झिजलेली असेल किंवा काट्रिज (सुई बसवलेली डबी) तिरकं बसलेलं असेल तर आधी तिथे फाटतं. भीमसेनजींच्या तानांत 'आवाज चिरकतो' म्हणणाऱ्यांनी सुई बदलून पाहावी. बहुतेक मध्यम किमतीच्या काट्रिजना सुईवर दीड ते दोन ग्रॅम भार पुरतो. सुटकेसमधली जी स्वस्त यंत्रं मिळतात त्यांचा दाब त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. त्यांवर आजोबांची एकही तबकडी ठेवू नका.

पिंक फ्लॉइडचं दुखणं सोपं आहे. 'द डार्क साइड ऑफ द मून'मधली गाणी एकमेकांत मिसळत जातात, खंड पडतो तो फक्त बाजू उलटताना, 'मनी'च्या आधी. तुमच्या फाइली गाण्यागणिक कापलेल्या असणार, आणि एमपी३च्या टोकांना थोडी शांतता आपोआप चिकटते. दर वेळी ठेच लागते. एकेका बाजूची एकच फाइल करा, विषय संपला. 'कॉल ऑफ द व्हॅली'चंही तेच, वर आणखी एक गंमत: शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी त्यात गुराख्याचा एक दिवस सकाळच्या अहिरभैरवापासून क्रमाने मांडलाय. फाइलींची नावं इंग्रजी अक्षरक्रमाने लागली की दुपारचा पिलू पहाडीच्याही मागे, सगळ्यात शेवटी जाऊन बसतो. नावाआधी ०१, ०२ घाला. या अल्बमला हॉटेलात वाजवून वाजवून स्वस्त केलंय, पण काब्रांची गिटार हेडफोनवर एकदा शांतपणे ऐका.

बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ची मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज असलेली) आवृत्ती मिळाली तर तीच ठेवा. मंडळी स्वतः बसली होती ती मोनोच्या मिश्रणाला (मिक्सिंगला); स्टिरिओ नंतर झटपट उरकलं गेलं. तरीही माझं मत विचाराल तर त्यांचाच 'रिव्हॉल्व्हर' सरस, 'पेपर' थोडा सजावटीचा. बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' १९६६चा, त्याचं खरं स्टिरिओ मिश्रण तीस वर्षांनी आलं. त्याआधीचं 'स्टिरिओ' म्हणजे मोनोलाच फाडून दोन कानांत वाटलेलं. आपल्या एचएमव्हीच्या तबकड्यांवर क्रमांकाआधी 'ईएएलपी' असेल तर ती मोनो, 'ईएएसडी' असेल तर स्टिरिओ. मोनो तबकडी दोन्ही वाहिन्यांत मुद्रित करून मग एकत्र करायची. निम्मी खरखर तिथेच मरते, तंबोऱ्याला हात न लावता. हे आधी करायचं सोडून लोक सॉफ्टवेअरच्या मागे का धावतात कोण जाणे.

पियानोवादक ग्लेन गूल्डने वाजवलेल्या बाखच्या 'गोल्डबर्ग'च्या दोन आवृत्त्या आहेत, १९५५ची ३८ मिनिटांची आणि १९८१ची ५१ मिनिटांची. दोन्ही हव्यात. मागे तो गुणगुणतो, ते राहू द्या, साफ करू नका.

'गीतरामायणा'बद्दल एक खुलासा, कारण तुम्ही 'आजोबा सांगत ते वेगळे आवाज यात नाहीत' असं लिहिलंय. आजोबा बरोबर आहेत. १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशी ५६ गीतं झाली तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे निरनिराळे गायक होते. नंतरचा मुद्रित संच संपूर्ण बाबूजींच्या (सुधीर फडके यांच्या) आवाजात आहे. माझ्या दृष्टीने तो गाण्याचा नव्हे, शब्दफेकीचा अभिजात अल्बम आहे. एकही अक्षर गिळलेलं सापडणार नाही.

आणि चांगली प्रत मिळूनही मला न भावलेले आहेतच. रविशंकर आणि व्हायोलिनवादक मेन्युहिन यांचा 'वेस्ट मीट्स ईस्ट' दोन सभ्य माणसांच्या चहापानासारखा वाटतो. मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' (२००८) मूळ मिश्रणातच आवाजाने इतका ठासून भरलाय की कुठल्याही यंत्रावर डोकं दुखतं. ही सगळी माझी मतं. पुण्यात ती प्रत्येकाला असतात, तेव्हा भांडू नये.

विकायचं म्हणाल तर मारवा, भूप आणि मोनो बीटल्स सोडून बाकीचं तुमच्या मर्जीने. पण मूळ फाइली हातात येईपर्यंत एकही तबकडी घराबाहेर जाऊ देऊ नका. पावसाळ्यात पुण्यात खोबण्यांत बुरशी धरते. एलपी डिस्टिल्ड वॉटर आणि दोन थेंब साध्या लिक्विड सोपने मऊ कापडाने खोबणीच्या दिशेने पुसा, पुन्हा नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसा, पूर्ण सुकल्यावरच पाकिटात घाला आणि उभ्या ठेवा. ७८च्या लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात नको, आणि गिऱ्हाइकाला वाजवून दाखवायला एलपीची सुईही नको. एलपीची सुई १८ ते २५ मायक्रॉनची असते, त्यांना ७५ची लागते.