‘त्यानं मुद्दाम केलं’ असं मुलगा म्हणतो तेव्हा

ताई, तुमचा सातवीतला मुलगा दर आठवड्याला कुणाला तरी मारून येतो आणि विचारलं की म्हणतो, "त्यानं मुद्दाम धक्का दिला." तो खोटं बोलतोय का, असा तुमचा प्रश्न. निरीक्षणगृहातल्या, म्हणजे गुन्ह्याच्या आरोपावरून ठेवलेल्या मुलांसोबत बरीच वर्षं काढल्यावर मी म्हणेन, बहुतेक वेळा नाही. त्याला ते तसंच दिसतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांचा १९८० चा प्रयोग बघा. मुलं बक्षिसासाठी चित्रकोडं जोडत होती. पलीकडच्या खोलीतल्या मुलानं ते मोडलं, असं त्यांना भासवलं. त्याच्या आवाजावरून कधी कळायचं की मुद्दाम मोडलं, कधी की मदत करायला गेला आणि चुकून मोडलं, कधी काहीच कळायचं नाही. पहिल्या दोन्ही वेळी भांडखोर आणि शांत मुलं सारखीच वागली. जिथे काही कळत नव्हतं, तिथे मात्र भांडखोर मुलांनी ‘मुद्दाम’ हा शब्द स्वतःच भरला. म्हणजे चुकून झालं हे स्पष्ट दिसलं, तर तीही सोडून देतात!

मारून झाल्यावर सबबी येतात. "एवढं काय लागलंय त्याला?" "सर नाही का मारत?" "दोस्तासाठी केलं." साइक्स आणि मात्झा या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्येच अशा सबबींचे पाच प्रकार मांडले होते. (सिग्नलला गाडी घासली की मोठी माणसंही हेच बोलतात.)

"राग आवर" म्हणून काही होत नाही. शिकागोत शाळकरी मुलांसाठीच्या ‘बिकमिंग अ मॅन’ या उपक्रमात एकाच्या मुठीत चेंडू देतात, दुसऱ्यानं तो ३० सेकंदांत मिळवायचा. पोरं झटापट करतात. नंतर मार्गदर्शक विचारतात, नुसता मागितला का नाहीस? तिथे उपक्रमाच्या काळात हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. उपक्रम संपल्यावर मात्र तो परिणाम टिकला नाही, त्यामुळे चार दिवस करून थांबलात तर फरक टिकेल अशी आशा धरू नका.

भांडणाच्या दिवशी नको, दोन दिवसांनी जेवताना विचारा: "मुद्दाम हे कशावरून कळलं? तो तेव्हा बघत कुठे होता?" त्याला आणखी दोन कारणं शोधू द्या. "तुझंच चुकलं असेल" म्हणालात की तो पुढे तोंड उघडणार नाही. पण आधी वर्गशिक्षकांना भेटा. त्याला खरंच कुणी छळत असेल, तर तो बरोबरच ओळखतोय.

आणि एक. लहानपणी मार खाल्लेल्या मुलांमध्ये ‘मुद्दाम केलं’ असं धरून चालायची ही सवय जास्त आढळते. घरात कुणाचा हात उठतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. इथे सांगू नका, पण समुपदेशकांकडे जाल तेव्हा तिथूनच सुरुवात करा.