नातवासाठी साठवलेले डॉलर

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका काकूंनी लिहिलं आहे: “नातू झाल्यापासून दर महिन्याला बँकेतून सोनेरी डॉलर नाण्यांचा एक रोल आणते. चार वर्षांत १,२०० नाणी जमली. तो १८ वर्षांचा झाला की सगळी त्याच्या ओंजळीत घालायची आहेत. माझ्या आजीने गाठोड्यात जपलेल्या राणीछाप रुपयांना आज केवढा भाव येतो! यांचंही तसंच होईल ना?”

काकू, तसं होणार नाही. राणीछाप रुपया साडेअकरा ग्रॅमहून जड आणि त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. भाव वाढला तो मुख्यतः चांदीचा. तुमच्या नाण्याचा रंग सोन्याचा असला तरी आत तांबं आणि वर मँगनीज-पितळेचा थर आहे. ८.१ ग्रॅमच्या या धातूचे काही सेंटच येतील.

बरं, दुर्मिळ म्हणावीत तर तीही नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे चेहरे असलेल्या या नाण्यांची मालिका २००७ साली सुरू झाली. लोकांनी ती वापरलीच नाहीत. फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, तिजोऱ्यांत शंभर कोटींहून जास्त डॉलर नाणी पडून राहिली आणि २०११ च्या अखेरीस व्यवहारासाठी ती पाडणं थांबवलं गेलं. म्हणजे तुमच्या नातवाच्या तरुणपणीही नाणं एका डॉलरचंच असेल. २००७ मध्ये डॉलरला मिळणाऱ्या वस्तूला आज दीड डॉलरहून जास्त लागतात. पुढच्या १४ वर्षांत ही झीज चालूच राहील.

शिवाय जवळपास दहा किलो नाणी घरात आहेत याची मला खरंच काळजी वाटते. घराच्या विम्यात रोख आणि नाण्यांची भरपाई पुष्कळदा २०० डॉलरवरच थांबते. आपली पॉलिसी एकदा काढून बघा.

माझा सल्ला असा: दर महिन्याचा रोल आता बंद करा. जमलेल्या नाण्यांतले बहुतेक डॉलर बँकेत भरा आणि नातवासाठी ५२९ खातं, म्हणजे शिक्षणाच्या खर्चासाठी करसवलतीचं गुंतवणूक खातं, उघडा. न्यू जर्सीच्या एनजेबेस्ट योजनेत कुटुंबाचं उत्पन्न दोन लाख डॉलरपर्यंत असेल तर राज्याच्या करात वजावटही मिळते. ते १,२०० आणि पुढे महिन्याला २५ डॉलर, वर्षाला ५ टक्के वाढ धरली तर १४ वर्षांत ८,४०० च्या पुढे जातात. रोलच आणत राहिलात तर ५,४००. वाढीची हमी कुणी देत नाही, बाजार खालीही जातो. पण हातात १४ वर्षं आहेत. खातं तुमच्या नावावर आणि लाभार्थी नातू, असं ठेवा. चढउतार सोसवणार नसेल तर सरकारचे आय बाँड आहेत. त्यांचं व्याज महागाईबरोबर बदलतं, मात्र पहिले १२ महिने पैसे काढता येत नाहीत.

पण सगळी नाणी परत करा असं मी अजिबात म्हणणार नाही. खात्यावरचा आकडा चार वर्षांच्या मुलाच्या हातात देता येत नाही, नाणं देता येतं. बँकेतल्या रोलांत वॉशिंग्टनपासून गारफील्डपर्यंतचे २० अध्यक्ष सापडतील. प्रत्येकाचं एकेक नाणं बाजूला काढा. मालिका एकूण ४० नाण्यांची आहे. उरलेली नाणी विक्रेत्याकडून हळूहळू घेता येतील, नातवाला बरोबर नेऊन. आणि वेगळ्या मालिकेतलं, २०१९ चं न्यू जर्सीचं डॉलर नाणं नक्की मिळवा. त्यावर विजेचा दिवा आहे, आणि एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा तुमच्याच गावातली.

बँकेत जाण्याआधी एक काम करा. या नाण्यांचं साल कडेवर कोरलेलं असतं. २००७ च्या वॉशिंग्टनच्या काही नाण्यांवर ती अक्षरं उमटायचीच राहून गेली, आणि अशा नाण्याला संग्राहक डॉलरच्या कितीतरी पट किंमत देतात. प्रत्येक रोल फोडून कडा बोटाने चाचपा. कोरी कड लागली तर ते नाणं पुसू नका, घासू नका. तसंच कागदात गुंडाळून जाणत्या विक्रेत्याला दाखवा.