शंका इंग्रजीच्या : गेस, एस्टिमेट, असेस, रेकन... सगळ्याचा अर्थ ‘अंदाज’च?

या वेळी बरीचशी पत्रं एकाच गल्लीतली आलीत, म्हणून एकत्रच घेतो.

प्रश्न : सर, भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, इंटरव्ह्यूची तयारी चाललीय. गेस, एस्टिमेट, असेस, इव्हॅल्युएट, गेज, डिक्शनरीत सगळीकडे फिरून फिरून ‘अंदाज करणे, मूल्यमापन करणे’ एवढंच. कुठे काय वापरायचं?
— एक वाचक, राजापूर

उत्तर : डिक्शनरी एका ओळीत बिचारी किती सांगणार. दोनच गोष्टी बघायच्या, बोलणाऱ्याच्या हातात आधार किती आहे आणि त्याच्या बोलण्यावर पुढे काही ठरणार आहे का. राजापूरचे आहात तर आंब्यावरच बोलू.

जानेवारीत रस्त्याने जाता जाता कोणी मोहोर बघून म्हणालं की यंदा दोनशे पेट्या सुटतील, तर तो गेस. त्याला ‘कशावरून’ विचारायचं नाही, तो हसेल आणि पुढे जाईल. तोच माणूस कैरी सुपारीएवढी झाल्यावर बागेत शिरला, चार-पाच कलमांवरच्या कैऱ्या मोजल्या, गळीचा हिशोब वजा केला, उरलेल्या कलमांना गुणलं आणि मग आकडा बोलला, तर ते एस्टिमेट. तेही चुकेल, पण कसं काढलं ते सांगता येतं, आणि बाग खंडाने घेणारा व्यापारी तेच विचारणार.

आता अवकाळी पाऊस झाला, तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला आले, बघितलं, कागदावर लिहिलं. ते असेस करतायत, कारण त्या कागदावर भरपाई ठरणार. हा शब्द मुळात लॅटिनमधला, न्यायाधीशाच्या शेजारी बसून कर किती लावायचा ते ठरवणाऱ्या मदतनिसापासून आलेला. कराचा वास त्याला अजून आहेच, म्हणून तर घरपट्टीसाठी ग्रामपंचायतीत आपण नमुना 8 चा ‘असेसमेंट उतारा’ मागतो. भाच्याला सांगा, हा शब्द कोकणात प्रत्येक घराच्या कपाटात फाइलला लावून ठेवलेला आहे.

इव्हॅल्युएटला आकडाच पाहिजे असं नाही. दोन औषधं फवारली, तुडतुडा कशाने आटोक्यात आला, खर्च कशात कमी, पुढच्या वर्षी कोणतं घ्यायचं, हे सगळं तोलून बघणं म्हणजे इव्हॅल्युएट. आणि व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावरून, तो किती वेळ घासाघीस करतो त्यावरून, त्याला माल किती हवाय हे ताडणं म्हणजे गेज करणं. गेजचं स्पेलिंग मात्र पाठ करा, जी-ए-यू-जी-ई. यू आधी आणि ए नंतर टाकणारे भरपूर आहेत, बायोडेटात तसं गेलं तर वाईट दिसतं. कोकण रेल्वे ब्रॉडगेज आहे त्यातला आणि रेनगेजमधला गेज हाच.

अजून दोन किरकोळ. नुकसान ‘एस्टिमेटेड ॲट टू लाख रुपीज’ असं म्हणतात, मध्ये ‘ॲट’ येतो. आणि ‘ॲप्रॉक्झिमेटली अबाउट’ लिहू नका, ते ‘अंदाजे सुमारे’ सारखं होतं, जे आपण मराठीतही बिनधास्त लिहितो ते सोडा. उच्चाराचं म्हणाल तर क्रियापद ‘एस्टिमेट’, पण नाम म्हणून बोलताना शेवट आखूड होतो, ‘एस्टिमिट’च्या जवळ.

इंटरव्ह्यूत ‘गेस्टिमेट’ विचारतात, गेस आणि एस्टिमेट जोडून अमेरिकेत बनलेला शब्द. रत्नागिरी शहरात रोज किती वडापाव खपत असतील, असले प्रश्न. उत्तर बरोबर येणं कोणाला अपेक्षितच नसतं, लोकसंख्या किती धरली, त्यातले बाहेर खाणारे किती धरले, हे मोठ्याने बोलत बोलत गेला की झालं. गप्प बसून एकदम आकडा फेकला तर गेला.

प्रश्न : वादळात घराची कौलं गेली. कंत्राटदाराने कागदावर ‘एस्टिमेट’ लिहून दिलं, बिल त्याच्यापेक्षा बरंच जास्त आलं. विचारलं तर म्हणतो एस्टिमेट म्हणजे फिक्स नाही. शब्दात पकडता येईल का त्याला?
— एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : शब्दात तरी नाही सापडणार तो. एस्टिमेट म्हणजे आत्ता दिसतंय त्यावरून साधारण खर्च, काम उघडल्यावर वासे कुजलेले निघाले तर वाढतो. रेट बांधून पाहिजे असेल तर ‘कोटेशन’ मागायचं असतं, त्यात इतकं काम इतक्या पैशात असं ठरतं आणि दोघांनी मान्य केल्यावर सहसा बदलत नाही. तरी पण वाढ कशाकशाची झाली ते आयटमवार लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे, आणि मला विचाराल तर न विचारता वाढवलेलं काम ही इंग्रजीची भानगडच नाही. पुढच्या वेळी कागदावर ‘वाढीव काम आधी विचारून’ अशी एक ओळ मराठीतच लिहून सही घ्या.

प्रश्न : ‘रेकन’ म्हणजे मोजणे की वाटणे? आणि ‘फॅदम’ हा शब्द वाचला, समजणे असा अर्थ दिलाय. आमच्याकडे तर ते पाण्याचं माप.
— बोटवाल्या घरातली एक वाचक, मालवण

उत्तर : ताई, दोन्ही बरोबर. रेकन मुळात हिशोब करणं. जमिनीचे सरकारी दर बघायला आपण ‘रेडी रेकनर’ म्हणतो ना, ते नाव आधी आयते हिशोब मांडून ठेवलेल्या पुस्तकांचं. बोलताना इंग्लंडातला माणूस ‘आय रेकन’ म्हणतो तेव्हा मात्र त्याला फक्त ‘मला वाटतं’ म्हणायचं असतं, हिशोब वगैरे काही केलेला नसतो. अर्जात, रिपोर्टमध्ये ते नको.

तुमच्या कामाचा शब्द ‘डेड रेकनिंग’. किनारा दिसत नाही, जीपीएस नाही, तेव्हा निघाल्यापासून दिशा, वेग आणि वेळ यांवरून आपण कुठे आलो ते काढायचं. 8 नॉटने सरळ पश्चिमेला 3 तास गेलात तर 24 सागरी मैल, म्हणजे जवळजवळ 44 किलोमीटर. ओढ आणि वारा यांनी बोट सरकते ते यात धरलेलं नसतं, ते तांडेलाने स्वतः वरून धरायचं.

फॅदम म्हणजे आपली वाव. दोन्ही हात पसरले की होतं ते अंतर, 6 फूट. इंग्रजी शब्दाचा जुना अर्थही पसरलेले हातच. तांडेल दोर सोडून ‘बारा वाव पाणी आसा’ सांगतो तसं तिकडचे खलाशी फॅदममध्ये सांगायचे, मग तळ लागणं वरून ‘समजणं’ असा अर्थ आला. गंमत म्हणजे त्या अर्थी तो बहुतेक नकारातच येतो, ‘आय कान्ट फॅदम’, मला थांगच लागत नाही. थांग आपलाही पाण्यातलाच.

प्रश्न : अझ्यूम आणि प्रिझ्यूम?
— एक विद्यार्थिनी, दापोली

उत्तर : अझ्यूम म्हणजे पुरावा नसताना धरून चालणं, गणितात ‘समजा क्ष’ म्हणतो तसं. प्रिझ्यूमला थोडा आधार असतो, उलटा पुरावा येईपर्यंत ते खरं मानतात. समुद्रावर गेलेल्या माणसाची 7 वर्षं काहीच खबर नाही, ज्यांना ती लागायला हवी होती त्या घरच्यांनाही नाही, तर कायदा त्याला ‘प्रिझ्यूम्ड डेड’ धरतो, आणि तो परत आला तर ते गळून पडतं. तिसरा भाऊ ‘डीम्ड’. डीम्ड युनिव्हर्सिटीचं पुढे खरंखोटं व्हायचं नसतं, तिला युनिव्हर्सिटीसारखं वागवायचं असं ठरवूनच टाकलेलं असतं.

प्रश्न : शाळेच्या कार्यक्रमात पाहुणे बाईंच्या कार्याबद्दल ‘कॅनॉट बी अंडरएस्टिमेटेड’ म्हणाले. बरोबर का?
— एक शिक्षक, सावंतवाडी

उत्तर : मनातलं चांगलं, वाक्य उलटं. शब्दशः अर्थ निघतो की बाईंचं काम कितीही कमी धरा, कमी होणारच नाही! ‘शुड नॉट बी अंडरएस्टिमेटेड’ म्हणजे कमी लेखू नये, किंवा ‘कॅनॉट बी ओव्हरएस्टिमेटेड’ म्हणजे कितीही मोठं म्हटलं तरी थोडंच. इंग्रज लोकही यात सर्रास घसरतात, त्यामुळे पाहुण्यांना काही बोलू नका.

प्रश्न : जजमेंटमध्ये जी नंतर ई येतो की नाही?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : कोर्टाच्या निकालाला नाही, आपली कोर्टंही ई शिवायच लिहितात. एरवीच्या ‘मत, पारख’ अर्थाने ब्रिटिश पद्धतीत ई घालतात, अमेरिकेत तिथेही घालत नाहीत. परीक्षेत कोणतंही एक धरा, पण पेपरभर तेच ठेवा.