रिकाम्या हाताने परत ये

प्रिय,

रात्री दोन वाजता पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. सरडा आदल्या दिवशी पकडून ठेवायचा, शूटच्या वेळी दगडावर सोडायचा आणि याला तिथे, त्या जपानी टीव्ही टीममध्ये, सगळे 'तयारी' म्हणतात. मग मलाच का खटकतंय, असं विचारतेस. अगं, खटकायलाच हवं! तयारी म्हणजे रोकेहान, शूटच्या आधीची पाहणी. जागा बघणं, परवानग्या काढणं, सरडा किती वाजता उन्हाला येतो हे गावातल्या माणसाला विचारणं. तू सांगतेस ते यारासे आहे, म्हणजे घडवून आणलेलं खोटं दृश्य खरं म्हणून दाखवणं. सीनियर काय म्हणतात ते मला ऐकवू नकोस.

२०१९ मध्ये टीबीएस या जपानी वाहिनीच्या 'क्रेझी जर्नी' कार्यक्रमात हेच झालं. मेक्सिकोवरच्या एपिसोडमध्ये 'सापडलेल्या' सहा प्राण्यांपैकी चार स्थानिक लोकांनी आधीच पकडून ठेवलेले निघाले. कार्यक्रम तेव्हा बंद झाला. मला त्याहून जास्त लागतं ते हे की एखादं शाळकरी पोर ते बघून शिकतं, हा प्राणी असा, या जागी, इतक्या पटकन मिळतो. आणि ते आयुष्यभर चुकीचं लक्षात ठेवतं.

नाही सापडला तर रिकाम्या हाताने परत ये. तीन दिवस शोधलं, मिळाला नाही, असं निवेदनात म्हणा. त्याचं बीळ दाखवा, विष्ठा दाखवा. पकडलेलाच दाखवायचा असेल तर 'हा आधी पकडलेला आहे' एवढं एक वाक्य घाला.

एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीचा, नेपाळमधल्या मुस्तांगवरचा माहितीपट तुम्हाला वर्गात सांगितला होता. १९९२ साल, ते राज्य परदेशी लोकांना नुकतंच खुलं झालेलं. तिथे पोचणं हीच केवढी गोष्ट! तरी टीममधल्या एकाला उंचीचा त्रास झाल्याचं नाटक करायला लावलं, वाळू मुद्दाम घसरवली. १९९३ च्या फेब्रुवारीत आसाही शिंबुन या वर्तमानपत्राने ते छापलं आणि एनएचकेला माफी मागावी लागली. एवढं खरं समोर असताना कशाला? रिकाम्या हाताने परतायची भीती, दुसरं काही नाही.

ती भीती मला माहीत आहे. मी एका जपानी टीमची दुभाषी होते. त्यांना पाण्यासाठी मैलभर चालणारी आजी हवी होती. आजी होती, हंडा होता, पण अंगणात नळही होता. त्या नळावर मी माझ्या हाताने गोधडी टाकली. तोटी तरी दिसत होती, म्हणून गोधडीचं टोक खाली खोचलं. आजीने तीनदा हंडा भरून आणला. निर्णय माझा नव्हता. आजीला पैसे नीट मिळाले. नळ यायच्या आधी ती खरंच तेवढी चालायची. हे सगळं खरं आहे, आणि मी अजून स्वतःला सांगत असते. पण नळ आला ही त्या गावाची बातमी होती, आणि ती मी झाकली.

त्यानंतर असलं काम घेतलं नाही. बोलावणी कमी झाली, होऊ देत.

तू उद्याच डायरेक्टरशी बोल. घाबरत बोललीस तरी चालेल, पण रोके, म्हणजे बाहेरचं शूटिंग, सुरू व्हायच्या आधी बोल. आणि रोकेहानच्या नोंदी मला पाठव, जपानीतच पाठव.

तुझी सेन्सेई