रेसमधली लोकेशन्स शोधायला लागलायस ना, मग हे वाच

अमेझिंग रेससारखा, म्हणजे टीम देशोदेशी टास्क करत पळतात तसला शो बघताना सगळे पिट स्टॉपच्या, म्हणजे टप्पा जिथे संपतो त्या जागेच्या मागे लागतात, पण तो बऱ्याचदा प्रसिद्ध जागी असतो आणि लगेच सापडतो. खरी मेहनत आहे ती मधल्या गल्लीबोळात, जिथे टीम टॅक्सीतून उतरून क्लू बॉक्सकडे, म्हणजे पुढची सूचना ठेवलेल्या पेटीकडे पळते. तिथे एपिसोड थांबव आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत जा. स्पर्धकांकडे नको बघू, त्यांच्या मागे बघ. दुकानाच्या पाटीवरचा अर्धा फोन नंबर, त्यातला एरिया कोड, गाड्यांच्या नंबरप्लेटचा रंग, विजेचे खांब, फूटपाथच्या फरश्यांची नक्षी, यातूनच शहर आणि कधीकधी नेमका एरियासुद्धा कळतो.

मग गूगल मॅप्सवर स्ट्रीट व्ह्यू (रस्त्यावरून काढलेले फोटो) उघड, पण तारीख बदलून शूटिंगच्या वर्षाच्या आसपासचे जुने फोटो बघायला विसरू नकोस, कारण दुकानं बदलतात, भिंतींना रंग लागतो आणि आपण बरोबर जागेवर उभे असूनही पुढे निघून जातो. पाट्याच नसतील तर डोंगराची कड घे आणि गूगल अर्थमध्ये जमिनीच्या लेव्हलला उतरून ती जुळवून बघ. सावल्याही बघ, दक्षिण गोलार्धात खाली गेलं की दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, त्यामुळे दिशा उलट्या लागतात.

ड्रोन शॉटवर मात्र विश्वास नको. अशा शॉटमध्ये दिसलेल्या एका चर्चपायी माझे तीन दिवस गेले, ते टास्कच्या जागेपासून बरंच लांब निघालं.

आणि हो, सीझन शूट होत असताना काही सापडलं तर एपिसोड लागेपर्यंत स्वतःपुरतंच ठेव रे, प्लीज.