‘रिटेन्शन’ला ‘धारणा’ म्हणावं का?

चाकणच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. पर्यवेक्षकांसाठी त्या मराठीत पुस्तिका काढताहेत. मूळ शीर्षक ‘एम्प्लॉयी वेलबीइंग अँड रिटेन्शन’. (रिटेन्शन म्हणजे माणसं नोकरी सोडून जाऊ नयेत यासाठीची खटपट.) भाषांतरकाराने केलं ‘कर्मचारी कल्याण व धारणा’. शेवटी ‘एक्झिट इंटरव्ह्यू’चा, म्हणजे नोकरी सोडणाऱ्याला विचारायच्या प्रश्नांचा, नमुना आहे, त्याला नाव दिलंय ‘निर्गमन चौकशी’. ताई लिहितात, ‘वाचून कुणालाच काही कळेना. हे चूक आहे का?’

ताई, कोशाच्या हिशेबाने चूक नाही. ‘धृ’ म्हणजे धरणं, त्यावरून धारण, धारणा. पण मराठी कानाला धारणा म्हणजे समजूत: ‘त्यांची अशी धारणा आहे की…’ योगाच्या वर्गाला जाणाऱ्याला अष्टांगांतली सहावी पायरी आठवेल. आणि तलाठ्याकडे खेटे घातलेल्याला आठवेल ती जमीन. कायद्याचं नावच आहे ‘महाराष्ट्र शेतजमीन (जमीन धारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, 1961’. या चालीने ‘कर्मचारी धारणा’ म्हणजे कंपनीने माणसं सातबाऱ्यावर चढवून घेतली असंच वाटणार.

तुमच्याच गेटवर पाच मिनिटं उभ्या राहा, शब्द आपसूक मिळेल. ‘आमच्या लाइनवर माणूस टिकत नाही.’ टिकणं हे अकर्मक क्रियापद आहे, आणि टिकणारा कर्ता माणूस स्वतः आहे. ‘टिकवणं’ हे त्याचं प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्याला टिकायला लावणं. आता घरात आपण काय टिकवतो? लोणचं. त्याला कुणी धरून ठेवत नाही. बरणी कोरडी हवी, मीठ पुरेसं हवं, वर तेल हवं, मग ते आपलं आपण टिकतं. साहेबाचं काम इथवरच, बरणीचं. तीन महिन्यांची नोटीस, बाँड, मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून घेणं, याला मराठीत वेगळा शब्द आहे: अडवणूक. पुस्तिकेत या दोन्ही गोष्टी एकाच मथळ्याखाली येत असतील, तर शब्दाच्या आधी मथळा तपासा.

‘कल्याण’कडे वळू. (लोकलने येणाऱ्यांनी हसून घ्यावं.) शब्द चांगला आहे, पण त्याचा एक इतिहास आहे. 1948च्या कारखाने अधिनियमात कल्याणाचं स्वतंत्र प्रकरण होतं: 250हून अधिक कामगार असतील तर उपाहारगृह, 30हून अधिक स्त्रिया असतील तर पाळणाघर, 500 किंवा अधिक कामगार असतील तर कल्याण अधिकारी. पुढे 1953च्या कायद्याने कामगार कल्याण निधी आला. कामगार कल्याण केंद्रं आणि तिथल्या नाट्यस्पर्धा आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या आहेत. हे सगळं मोलाचं, पण ते वरून करायचं असतं आणि मोजता येतं. कँटीन आहे की नाही, हे तपासनीस पाहून जातो. कँटीनमध्ये बसलेल्या माणसाला घास गिळवतोय का, हे ‘कल्याण’ शब्दात येत नाही.

त्यासाठी मराठीत फार नेमका शब्द आहे: स्वास्थ्य. हिंदीने तो आरोग्याला देऊन टाकला, तिथे स्वास्थ्य मंत्रालय असतं. आपण आरोग्याला आरोग्यच म्हटलं आणि स्वास्थ्य मनाच्या निवांतपणासाठी राखून ठेवलं. स्व-स्थ म्हणजे आपल्या ठिकाणी असलेला. ताप नसतानाही माणूस ‘अस्वस्थ’ असतो, हे हिंदीभाषक मित्राला समजावताना माझी नेहमी दमछाक होते. मराठी पर्यवेक्षकाला मात्र ते समजावावं लागत नाही. ‘चार दिवस झाले, तो अस्वस्थ दिसतोय’ हे वाक्य त्याच्या तोंडी आधीपासूनच आहे.

कुणी ‘योगक्षेम’ सुचवेल. अर्थाने तो दोन्ही बाजू झाकतो: शंकराचार्यांच्या भाष्याप्रमाणे योग म्हणजे नसलेलं मिळणं, क्षेम म्हणजे मिळालेल्याचं रक्षण. पण गीतेत ‘योगक्षेमं वहाम्यहम्’, म्हणजे तो भार मी वाहतो, असं भगवंत म्हणतात, आणि आयुर्विमा महामंडळाने ते ब्रीद म्हणून घेतलं आहे. शिफ्ट इनचार्जने इतकं मोठं आश्वासन देऊ नये.

आता ज्यासाठी मी हे लांबलचक उत्तर लिहायला बसलो, ते. तुमच्या विभागात रोज वापरले जाणारे पाच शब्द एकाच अरबी धातूपासून निघालेत: रजा, राजी, नाराज, मर्जी आणि राजीनामा. धातूचा अर्थ संतुष्ट असणं, संमती असणं. रजा म्हणजे मुळात संमती, म्हणून निघतानाही आपण ‘रजा घेतो’ म्हणतो. राजी तो ज्याची संमती आहे, आणि नाराज तो ज्याची नाही. मर्जी वरिष्ठांची असते, आणि काही जण तिच्यात असतात. राजीनाम्याची गंमत वेगळीच. हिंदी-उर्दूत राज़ीनामा म्हणजे तडजोडीचा लेख, नोकरी सोडण्याच्या पत्राला तिकडे इस्तीफ़ा म्हणतात. आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या महसुली कारभारात जमीन सोडणारा राजीनामा लिहून देई आणि घेणारा कबुलायत. मी राजीखुशीने सोडतोय, असा तो कागद. (धारणेची जमीन इथेही आडवी आली बघा.) राजीखुशीचा हा कागद माणूस बहुतेक वेळा नाराजीतच लिहितो.

आणि बऱ्याचदा या नाराजीचं मूळ त्याच कुळातल्या पहिल्या शब्दात असतं. मी माझ्या पहिल्या नोकरीत आजीच्या दहाव्यासाठी दोन दिवसांची रजा मागितली होती. साहेबांनी अर्जावर ‘पाहू’ लिहिलं. ते पाहत राहिले, दहावा होऊन गेला. राजीनामा मी त्यानंतर आठ महिन्यांनी दिला आणि कारण ‘वैयक्तिक’ लिहिलं. कंपनीच्या दप्तरी रजेचा आणि राजीनाम्याचा काही संबंध नाही. शब्दांच्या दप्तरी आहे.

सरकारी नियमही या मूळ अर्थाला धरून आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 प्रमाणे रजा हक्क म्हणून मागता येत नाही. म्हणजे कोणाची तरी संमती लागतेच, आणि ती देण्याच्या पद्धतीवर साहेबाची परीक्षा असते. अर्ज आला त्याच दिवशी हो किंवा नाही सांगणं. नाही असेल तर कारण सांगणं. रजेवरच्या माणसाला ‘फक्त दोन मिनिटं’ म्हणून फोन न करणं, आणि स्वतःही वर्षातून एकदा निमूट रजा घेणं, कारण साहेब घेत नाहीत तिथे हाताखालच्यांना रजा मागणंही गुन्हा वाटतो. पुस्तिकेत वेलनेसच्या पोस्टरांना चार पानं दिली असतील, तर यातलं निदान अर्धं पान असू द्या.

‘बर्नआउट’लाही तुम्ही प्रतिशब्द मागितला आहे. एक शब्द नाही आणि नसलेलाच बरा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019मध्ये त्याला आजार म्हटलं नाही. कामातला ताण वेळीच न हाताळल्यामुळे येणारी अवस्था म्हटलं, आणि तिची तीन अंगं सांगितली. तिन्हींना मराठी आहे: जीव मेटाकुटीला येणं, कामावरून मन उडणं, हातून काही धड न होणं. पर्यवेक्षकाला तिसरं सर्वांत आधी दिसतं, कारण उत्पादनाचा आकडा पडतो. त्यावर तो मेमो देतो. मन उडाल्याचं आकड्यात दिसत नाही, ते बोलण्यातून कळतं.

म्हणून ‘चौकशी’ हा शब्द काढाच. प्रेमाने केलेलीही चौकशी असते, मान्य, पण कार्यालयात चौकशी म्हटलं की ‘विभागीय’ हे विशेषण न लिहिता ऐकू येतं. विचारपूस लिहा. विचारणं आणि पुसणं, दोन्हींचा अर्थ एकच. पहिल्यांदा विचारल्यावर माणूस ‘ठीक आहे’ म्हणतो, ही गोष्ट हा जोडशब्द बनवणाऱ्यांना बहुधा ठाऊक असावी.

तेव्हा माझी सुचवणी: शीर्षक ‘स्वास्थ्य आणि टिकणं’, किंवा पर्यवेक्षकांना थेट भिडायचं असेल तर ‘माणसं का टिकतात?’. आणि तो शेवटच्या पानावरचा नमुना, ‘काय आवडलं, काय खटकलं, काय बदललं असतं तर थांबला असता’, त्यातला भूतकाळ काढून वर्तमानकाळ घाला, ‘विचारपूस’ असं नाव द्या आणि तो पहिल्या पानावर आणा.