अ‍ॅप, व्हिडिओ आणि टीममधली भांडणं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही पाच जण कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एक अ‍ॅप डिझाईन करतोय. कॅम्पसमध्ये हरवलेल्या वस्तू परत मिळवून देणारं, म्हणजे कोणाचं आयडी कार्ड पडलं, कोणाला चावी सापडली, सगळं एकाच ठिकाणी. सोबत एक मिनिटाचा अ‍ॅनिमेटेड प्रमोशनल व्हिडिओ पण द्यायचाय. तिघं अ‍ॅपवर आणि दोघं व्हिडिओवर अशी विभागणी केलीये. व्हिडिओवाले म्हणतात स्क्रीन फायनल करा मग आम्ही सुरू करतो, आणि अ‍ॅपवाले रोज काहीतरी बदलतायत. आता बोलणंच बंद व्हायची वेळ आलीये. आधी काय संपवायचं?

उत्तर: आधी काहीच संपवू नका, आधी पाचही जण एकत्र बसा आणि व्हिडिओचा स्टोरीबोर्ड काढा, म्हणजे गोष्ट चौकटीचौकटीत चित्रं काढून मांडा. हो, अ‍ॅप अर्धवट असतानाच. साध्या कागदावर, काड्याकाड्यांची माणसं चालतील.

तुमचंच उदाहरण घेऊ. पहिल्या चौकटीत एक मुलगी बॅग उपसतेय, चावी नाहीये. दुसऱ्या चौकटीत ती अ‍ॅप उघडते, तिसऱ्यात चावीचा फोटो दिसतो, चौथ्यात चावी हातात. छान. आता तिसऱ्या चौकटीपाशी थांबा आणि विचारा की हा फोटो टाकला कोणी? ज्याला चावी सापडली त्याने. पण त्याचं तर काहीच हरवलेलं नाहीये, मग त्याच्या फोनमध्ये तुमचं अ‍ॅप असेल कशाला आणि एका चावीसाठी तो डाऊनलोड करून, नाव टाकून, ओटीपीची वाट बघत बसेल का? नाही बसणार, चावी खिडकीत ठेवून निघून जाईल. म्हणजे तुम्हाला सापडणाऱ्या माणसासाठी वेगळा, अगदी छोटा रस्ता लागणार. उदाहरणार्थ नोटीस बोर्डावर क्यूआर कोड, स्कॅन केला की ब्राऊझरमध्येच एक पान उघडतं, फोटो काढा, जागा निवडा, झालं. लॉगिन नाही. हा अ‍ॅपचा निर्णय आहे आणि तो तुम्हाला व्हिडिओच्या चौकटीने दिला.

अजून एक. तो फोटो सगळ्यांना दिसला तर कोणीही म्हणेल माझीच चावी. म्हणून यादीत फक्त ‘चावी, लायब्ररीजवळ’ एवढंच दाखवा आणि चावीला अडकवलेलं किचेन कसं आहे ते मागणाऱ्यानेच सांगायचं. आणि फोन नंबर एकमेकांना दिसायला नकोत, निरोप अ‍ॅपमधूनच जाऊदेत, याबाबतीत मला अजिबात तडजोड नको वाटते.

स्टोरीबोर्ड झाला की लगेच अ‍ॅनिमॅटिक करा, म्हणजे त्याच चौकटी वेळेनुसार एकामागून एक लावायच्या आणि खाली फोनवर रेकॉर्ड केलेला कच्चा आवाज टाकायचा. अ‍ॅपच्या स्क्रीनच्या जागी राखाडी चौकोन ठेवा. हे सगळं आत्ता का, तर आत्ता बदल स्वस्तात होतो. सिनेमाच्या वेगाने सेकंदाला २४ फ्रेम धरल्या आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवलं तरी हाताने काढायची सेकंदाला १२ चित्रं, मिनिटाला ७२०. पाच सेकंदांचा सीन नंतर कापलात तर ६० चित्रं वाया. अ‍ॅनिमॅटिकमध्ये तोच सीन कापायला काहीच लागत नाही.

आणि भांडणाचं मूळ म्हणाल तर व्हिडिओला तुमच्या सगळ्या स्क्रीन लागतच नाहीत, तीन नाहीतर चार लागतात. त्या कुठल्या ते अ‍ॅनिमॅटिकवरून कळेल, त्या आधी लॉक करा, तारीख लिहून ठेवा, बाकीचं अ‍ॅप खुशाल बदलत राहू दे. शिवाय व्हिडिओत हुबेहूब स्क्रीन दाखवायची गरज नसते, बारीक अक्षरं वाचायला वेळच नसतो, एक मोठं बटण आणि एक ओळ ठेवा. फक्त जे बटण अ‍ॅपमध्ये नाहीच ते व्हिडिओत दाखवू नका. पुढेमागे अ‍ॅपलच्या स्टोअरवर टाकायचं ठरलं तर तिथला प्रिव्ह्यू १५ ते ३० सेकंदांचाच लागतो आणि तो अ‍ॅपमधून रेकॉर्ड केलेला असावा लागतो, त्यामुळे ही गोष्टवाली फिल्म तिथे चालणार नाही, वेगळा तुकडा करावा लागेल. गुगल प्लेवर मात्र यूट्यूबची लिंक देता येते.

प्रश्न: आमच्या अ‍ॅपमध्ये नऊ फीचर आहेत, सगळी एका मिनिटात कशी बसवायची? व्हॉइसओव्हर खूप फास्ट वाटतोय.

उत्तर: बसवू नका. खरंच सांगते, नऊ फीचर ऐकून माणसाला एकही आठवत नाही. एक माणूस, त्याची एक अडचण आणि ती सुटली, एवढंच दाखवा, उरलेली आठ त्याला अ‍ॅपमध्ये सापडतील. कुठलं एक निवडायचं यावर टीममध्ये वाद होणार, होऊदेत, कारण त्या वादातच कळतं की अ‍ॅप नक्की कशासाठी आहे.

स्क्रिप्ट शब्द मोजून लिहू नका, मोठ्याने वाचून स्टॉपवॉच लावा, आणि एका मिनिटाचा व्हिडिओ असेल तर वाचन पंचेचाळीस-पन्नास सेकंदांत संपलं पाहिजे. मधे श्वासाला, चित्र बघायला जागा हवी. जिथे चित्र सांगतंय तिथे आवाज गप्प ठेवा, ‘आता ती बटण दाबते’ असलं वाक्य कशाला?

मग आवाज पूर्ण बंद करून टीमबाहेरच्या कोणालातरी दाखवा, कारण बरेच जण फोनवर आवाज न लावताच बघतात. बघून झालं की ‘आवडला का?’ विचारू नका, मित्र आहेत, हो म्हणणारच. ‘हे अ‍ॅप काय करतं?’ विचारा. उत्तर अडखळलं तर कुठे अडखळलं ते लिहून घ्या.

प्रश्न: ताई, व्हिडिओसाठी आफ्टर इफेक्ट्स हे सॉफ्टवेअर वापरतोय, त्यात मराठी टाईप केलं की जोडाक्षरं तुटतात. ‘विद्यार्थी’ लिहिलं तर रफार भलतीकडे आणि पहिली वेलांटी व च्या नंतर येते. शेवटी आम्ही सगळं इंग्रजीत करायचं ठरवलंय.

उत्तर: अहो नको, इंग्रजीत जाऊ नका, हे सेटिंगचं दुखणं आहे. प्रेफरन्सेसमध्ये टाईप या भागात टेक्स्ट इंजिनचा पर्याय दिसत असेल, तर तिथे ‘साऊथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ घ्या. मजकूर युनिकोडमध्येच टाईप केलेला हवा, जुन्या डीटीपी फॉन्टमधला कॉपी केलात तर गोंधळ होणारच. मुक्त, बालू, नोटो हे देवनागरी फॉन्ट मोफत आहेत आणि त्यांचं लायसन्सही मोकळं आहे.

एक गोष्ट मात्र सेटिंगने सुटत नाही. एकेक अक्षर उड्या मारत येणारे जे रेडीमेड इफेक्ट असतात ते रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात, त्यात आधी ‘व’ येतो आणि वेलांटी मागून धावत येते, फार वाईट दिसतं. मराठीत अख्खा शब्द हलवा. आणि रेंडर झाल्यावर, म्हणजे अंतिम व्हिडिओ फाईल तयार झाल्यावर, प्रत्येक पाटी थांबवून थांबवून वाचा, शीर्षकात चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ मोठ्या पडद्यावर फारच मोठा दिसतो.

प्रश्न: क्रिएटिव्ह कॉमन्सचं म्युझिक बिनधास्त वापरता येतं ना?

उत्तर: बिनधास्त नाही, क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे कलाकाराने काही अटींवर दिलेली वापराची परवानगी, त्या अटी कळायला लायसन्सच्या नावातली पुढची अक्षरं बघा. बीवाय असेल तर कलाकाराचं नाव द्यायचं. एनसी असेल तर धंद्यासाठी नाही, उद्या अ‍ॅपमधून पैसे कमवायचा विचार असेल तर आजच टाळा. एनडी असेल तर व्हिडिओला लावताच येत नाही, कारण चालत्या चित्राला संगीत जोडणं म्हणजे त्या लायसन्सच्या भाषेत नवीन रूपांतर करणं. ट्रॅकची लिंक आणि लायसन्सचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवा.

प्रश्न: अ‍ॅपचं टेस्टिंग किती जणांवर करायचं? शंभर जणांचा फॉर्म भरून घेऊ का?

उत्तर: फॉर्मपेक्षा पाच माणसं शेजारी बसवा. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी २००० सालीच हे मांडलंय की पाच जणांच्या चाचणीत वापरातल्या बहुतेक अडचणी वर येतात, आणि एकदाच मोठी चाचणी करण्यापेक्षा पाच जण, मग दुरुस्ती, मग नवीन पाच जण असं केलेलं बरं. तुमच्याकडे कोड नसला तरी फिग्मा या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमधला प्रोटोटाईप, म्हणजे कामचलाऊ नमुना, पुरे, तोही नसेल तर कागदावरच्या स्क्रीन. काम सांगा, ‘तुम्हाला एक छत्री सापडलीये, आता काय कराल?’, आणि मग तोंड बंद. बोट कुठे थबकतंय ते बघा. मधेच ‘अरे ते वरचं दाब ना’ असं तुमच्यातल्या कोणी म्हटलं की ती चाचणी बाद धरा, म्हणून ज्याने ती स्क्रीन केली त्याला त्या वेळी खोलीत ठेवू नका.